तिसरा रकाना

पाकिटं मी भरली नव्हती, फक्त वाटली.
एइवोरच्या पाकिटात निघालं: तीव्र.
आर्नस्टाइनच्या पाकिटात: मध्यम.
तो म्हणाला, मध्यम म्हणजे? मी काय कॉफी आहे?

नाम्सोसच्या इस्पितळाचं तळघर.
शेजारी शेजारी दोन ट्रेडमिल, एक खिडकी छताला टेकलेली,
खिडकीतून दिसतात ते लोकांचे बूट
आणि नोव्हेंबरात दुपारी तीनला आटोपणारा उजेड.

एइवोर एकाहत्तरची. चाळीस वर्षं टपाल वाटलेलं.
चार मिनिटं चढ, पट्टा तिरका, नाडी एकशे चाळीस.
मी विचारते, कसं वाटतंय?
"बरंय," एवढंच म्हणाली तर वेग बरोबर.
"बरंय गं, काल भाचीचा फोन आला होता," म्हणाली
तर मी बटण दाबते, चढ वाढतो,
भाची अर्ध्यावर राहते.
मग तीन मिनिटं सावकाश.
गाल लाल, मुखवट्याच्या आत दहिवर,
छातीचा भाता हळूहळू खाली बसतो
आणि बसतोय न बसतोय तोच पुन्हा.
असं चारदा.

आर्नस्टाइन सत्तेचाळीस मिनिटं सलग,
नाडी एकशे आठच्या वर जायची नाही.
दोघांचं काम मोजून सारखं,
फरक फक्त आचेचा, तेवढंच आम्हाला बघायचं होतं.
बोलता येतं म्हणून तो बोलत राहतो.
एकतीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर इंजिनापाशी काढलेला माणूस:
"अर्ध्या जोरावर चालवलं की काजळी धरतं, पोरी."
मी म्हणते, दम धरा.
तो म्हणतो, दमच तर लागत नाहीये.

आठव्या आठवड्यात त्याचं घड्याळ संगणकाला जोडलं.
रात्रीचे नऊ. चार डोंगर, मध्ये तीन दऱ्या.
परवाच्या रात्रीही. त्याच्या आधीच्या मंगळवारीही.
डोंगर चार-चार मिनिटांचे,
एइवोरच्या आलेखावरून गिरवल्यासारखे.

चर्चमागची चढण, म्हणाला. काट्यांचे बूट घालून.
हृदयात जाळी बसवलेला माणूस,
एकटा, काळोखात, बर्फात!
मी ओरडले. डॉक्टरांना बोलावते म्हटलं. बोलावलंही.
तो बोटांतलं ग्रीस शोधत बसला,
जे निवृत्त झाल्यापासून तिथे नाही.

मग म्हणाला,
उन्हाळ्यात आम्ही वरच्या झोपडीत जातो, ती आणि मी.
तिसऱ्या वळणावर मी बुटाची नाडी बांधायला वाकतो.
सुटलेली नसते.
तिला ठाऊक आहे. ती पाठ करून उभी राहते,
फ्योर्डकडे बघत, जणू पाणी आजच आलंय.
तिची ती पाठ मला सोसत नाही.

डॉक्टरांनी त्याला तपासलं, दटावलं, घरी पाठवलं.
शेवटच्या चाचणीला दोघं आले.
एइवोर: चोवीसवरून अठ्ठावीस.
मध्यम गटातले बाकीचे: एक, दीड, फार तर दोनने वर.
आर्नस्टाइन: तेवीसवरून सत्तावीस.

या सत्तावीसचं करू काय?
मध्यममध्ये घातला तर खोटं,
तीव्रमध्ये घातला तर पाकिटाचा अपमान.
नियमाप्रमाणे मी लिहिलं: वगळला.
एका माणसावरून काही सिद्ध होत नाही,
हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते.
तरी वहीच्या कडेला पेन्सिलीने एक रेघ ओढली,
तिसरा रकाना, त्यात तो एकटा.

मे महिन्यात खिडकीबाहेर दोन जोड बूट थांबले.
एकाची नाडी खरोखरच सुटलेली.
तो वाकला, बांधू लागला, घाई न करता.
दुसऱ्या जोडाची टोकं
त्याच्याकडेच वळलेली होती.