पास

कॅनडा कॉर्नरच्या मागे, झेरॉक्सच्या दुकानावर,
रविवारी अकराला मुदस्सर शटर वर करतो.
चार टेबलं, सोळा खुर्च्या, एक पंखा
जो पत्ते उडवतो म्हणून मे महिन्यातही बंद.

इथे दोन खेळ चालतात.

जुन्यात जमीन लागते.
साठ पत्त्यांत चोवीस जमिनी घालून आणायच्या
आणि त्या हातात येतील म्हणून बसायचं.
कधी सातच्या सात जमिनीच:
सातबारा भरलेला, पेरायला दाणा नाही.
हात बदलून घ्यावा, तर सगळं बियाणंच
आणि पाय टेकायला बांधसुद्धा नाही.
मागच्या महिन्यात मी अशीच हरले, एकही चाल न खेळता.
समोरचा पोरगा सॉरी म्हणाला.
ते सॉरी हरण्यापेक्षा जास्त लागलं.

नव्यात कोणताही पत्ता उलटा टाकला की झाली जमीन.
कोणी उपाशी राहत नाही.
निरंजन गायधनी म्हणतो, हाच खरा न्याय.
त्याच्या वहीत दोनशे सामने आहेत, लाल-निळ्या रेघांत,
कोणत्याच डेकची जीत शेकडा बावन्नच्या वर नाही.
सराफ बाजारात काचेच्या पेटीतला काटा बघ, म्हणतो,
फुंकर मारली तरी मधोमध परत येतो.

बघितलाय, मी म्हणते.
पारडी रिकामी असली तरी तो मधोमधच असतो.

आणि खोलीचं म्हणशील,
तर आपल्याकडे पूर आला की कोण फुटात बोलतं?
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला,
एवढंच सांगतात
आणि भांडी बाजाराला कळायचं ते कळतं.
मीही तसंच मोजते.
नवा खेळ पहिल्या दिवशी कमरेला लागला,
वर्षाने पुन्हा बघितलं, कमरेलाच.
स्वच्छ पाणी, तळ दिसतो, पोरं आनंदाने डुंबतात.
जुन्यात मला आठ वर्षं झाली.
काही रविवारी घोटाही भिजत नाही
आणि काही रविवारी
दोन्ही तोंडं पाण्याखाली.

मार्चमध्ये बंदीची यादी आली.
त्यात मुदस्सरचा चार हजारांचा पत्ता.
तो एकटा सगळा खेळ आपल्याकडे ओढतो, काढायलाच हवा,
हे वर्षभर आम्हाला तोच सांगत होता.
त्या संध्याकाळी त्याने तो कव्हरमधून बाहेर काढला,
पहिल्यांदाच उघड्या बोटांनी वाकवून बघितला.
निरंजनचे वडील दारात उभे होते, त्याला न्यायला आलेले,
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये अठ्ठावीस वर्षं छपाईवर.
पत्ता हातात घेऊन म्हणाले, कागद चांगलाय.
मग, चप्पल घालता घालता:
एका रात्रीत नुसता कागद होतो. आम्ही पाहिलंय.

आज शेवटच्या फेरीत माझ्यासमोर उर्वी दोंदे.
सातवीत आहे. दप्तर खुर्चीला अडकवलेलं,
डेक सगळा दहा-दहा रुपयांच्या पत्त्यांचा.
माझे तीन राक्षस उभे, तिच्याकडे एकही नाही.
हल्ला केला असता तर संपलं होतं.
तिच्या हातात दोन पत्ते, समोर चार जमिनी, चारही मोकळ्या.
ती म्हणाली, पास.
पत्ते बघितलेसुद्धा नाहीत. खिडकीतून
खाली कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, ते ऐकत बसली.

चार मोकळ्या जमिनी कोण उगाच ठेवतं?
वीज असेल. सापळा असेल. वीज आणि सापळा.
मी पुढचे पाच डाव मनात खेळले, पाचही हरले,
आणि म्हणाले, पास.
पुढच्या डावाला तिला हवा तो पत्ता लागला.
त्यानंतर मला डाव मिळाला नाही.

निरंजन वही उघडून उभा:
हे कुठे लिहू? नशीब, की चाल?
उर्वी दप्तर भरत होती.
मी विचारलं, तेव्हा हातात काय होतं गं?
तिने गठ्ठ्यातून दोन्ही काढून टेबलावर ठेवले.

जमिनी.
पडीक, कोरड्या, दोन्ही.
मी छातीपर्यंत होते त्यांत.