नवानं भाग जातो का

उद्यमबागेत, तिसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडे,
जिथं पंपाच्या बिडाला दिवसभर ग्राइंडर लागलेला असतो
आणि कॅल्क्युलेटरच्या बटणांवर काळी वाळू बसते,
तिथं मी दोन वर्षं व्हाउचरं लावते.
बी.कॉम., प्रथम श्रेणी. कॉलेजचं नाव विचारू नका,
सांगितलं तरी तुम्हाला ठाऊक नसणार.

टेबलाच्या काचेखाली दोन माहितीपत्रकं.
एक पुण्याचं: दगडी कमान, कमानीखाली हसणारी सहा मुलं,
फी एक लाख चौऱ्याऐंशी हजार पाचशे, राहणं-खाणं वेगळं.
एक इथलंच, संध्याकाळच्या वर्गांचं:
मुखपृष्ठावर पाण्याची टाकी, प्राचार्यांचा फोटो जरा तिरका,
फी बावीस हजार पाचशे.
आतले विषय बोट ठेवून ताडून पाहिले.
तेच. शुद्धलेखनाची एक चूक इथल्यात जास्त.

अकलंक गेल्या साली पुण्याला गेला.
सांगत होता, मुलाखतीत कॉलेजचं नाव ऐकलं
आणि त्यांनी खुर्ची पुढं सरकवली.
मग एकच विचारलं: अकलंक म्हणजे काय?
ताळेबंदाचं काही? छे, तोवर चहा आला.
मला हसू आलं. हसू गेल्यावर जे उरलं
ते कुठल्या खात्याला टाकायचं, कळेना.

आमचे भरमाण्णा पाखरे. सातवीपर्यंत कानडी शाळा.
रक्कम पुटपुटतात कानडीत, कीर्द लिहितात मराठीत,
इंग्रजी रिटर्न भरायला मी.
ऑडिटला हुक्केरी साहेब येतात,
त्यांच्या भिंतीवर पदव्यांच्या चार चौकटी,
तरी तेरीज अडली की चष्मा काढून म्हणतात,
"भरमाण्णांना बोलवा."

ख्याती ही मालमत्ता असते, आम्हाला शिकवलं होतं,
हाताला न लागणारी.
विकत घेतली असेल तर पुस्तकात येते,
मग दरसाल थोडी थोडी कमी करायची.
स्वतः उभी केली असेल
तर तिला रकाना नाही.
दोन गुणांचा प्रश्न. मी बरोबर लिहिलं होतं.
काल भरमाण्णा समोर बसून शेंगा सोलत होते,
एकतीस वर्षं त्याच खुर्चीत,
तेव्हा उत्तर समजलं.

पण खोटं कशाला लिहू.
त्यांचा पगार दर महिन्याला मीच चढवते.
आकडा मला माहीत आहे.

आणि आमच्याकडं बायकाही "येतो, जातो" म्हणतात.
पुण्यात मी तसं म्हटलं की कमानीखालची ती सहा मुलं
ज्याला हसतील,
ते काही फीमध्ये धरलेलं नाही.

सहाला मशिनी थांबल्या.
भरमाण्णांनी माझा कागद पाहिला:
दोन रकमा, खाली वजाबाकी, एक लाख बासष्ट हजार.
त्यांना वाटलं, तेरजेतला फरक.
"नवानं भाग जातोय काय बघ आधी," सवयीनं म्हणाले,
"जात असला तर पैसं कुठं गेलं नाहीत गं,
आकडंच कुठंतर उलटं पडल्यात."

एक, सहा, दोन. नऊ.
जातोय.

शुक्रवारी अर्जाची शेवटची तारीख.
काच उचलून दोन्ही माहितीपत्रकं बाहेर काढली,
दिवा लावला,
आणि पहिल्या व्हाउचरापासून पुन्हा बघायला बसले.