येणे बाकी

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी अंबादास म्याकलचा फोन.
मुंबईच्या विमानतळावरून. मागे ट्रॉल्यांचा खडखडाट.
"अण्णा, आत सोडीनात की.
परत कधी येणार म्हणून विचारायलेत."

साखर पेठेत मी माडीवर झोपतो, खाली दुकान:
झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन,
आणि देश-विदेश तिकिटे.
पाटीवरच्या विदेशातला श दोन वर्षांपूर्वीच गळून पडलाय.

जाण्याचं तिकीट मीच काढलं होतं. दार-ए-सलाम.
टॉवेलच्या कारखान्यात चोवीस माग बसवायचे, तीन-चार महिने.
व्हिसा होता, कंपनीचं पत्र होतं,
पिवळ्या तापाच्या लशीचं कार्डसुद्धा होतं.
येण्याचं तिकीट तिकडचा मालक काढेल, काम संपलं की.
एवढं आम्हा दोघांना पुरेसं वाटलं होतं.

त्यानं फोन काउंटरवरच्या मुलीला दिला.
थकलेला आवाज, उद्धट नाही.
"सर, तिकडून यांना परत पाठवलं तर दंड आमच्या कंपनीला.
परतीचं दाखवल्याशिवाय सिस्टिम बोर्डिंग पास देत नाही."
'आमच्या घरचे नको म्हणतात'
या चालीवर ती सिस्टिम म्हणाली.

मग पुन्हा अंबादास.
"आमचे तात आले ना तेलंगणातनं, धोटा काखेत मारून,
त्यांना कुणी विचारलं का, कधी जाणार म्हणून?"
"ते रेल्वेनं आले होते बे," मी म्हणालो.
रात्री दोनला दुसरं काय सुचणार.

शटर अर्ध्यावर उचललं. गल्लीतलं कुत्रं एकदाच भुंकलं.
नाव भरलं, पासपोर्टचा नंबर भरला,
आणि एका चौकटीपाशी पडदा अडून बसला:
तारीख.
"कुठली टाकू?"
बराच वेळ नुसत्या ट्रॉल्या.
"गड्ड्याच्या आधीची टाक. अकरा जानेवारी.
पोरीला मोठ्या पाळण्यात बसवायचं कबूल केलंय."

हे तिकीट उद्या रद्द करायचंय, त्याला ठाऊक होतं.
मलाही.
तरी मी खिडकीची जागा निवडली.

तीनला एकच शब्द आला: सोडलं.

सकाळी दहाला वरलक्ष्मी आली,
विड्यांचं सूप शेजारणीकडं ठेवून,
बोटांना तंबाखूचा वास.
"परतीचं निघालं म्हणे?"
कागद दिला. इंग्रजी तिला येत नाही,
पण अकराचा आकडा बरोबर सापडला,
बसच्या पाटीवर सापडावा तसा.
"लॅमिनेट करून द्या. भिजलं-बिजलं तर."

यंत्र तापायला पाच मिनिटं लागतात.
तेवढ्यात सांगता आलं असतं.
ती काचेवर टेकून, पोरगी किती अभ्यास करते ते सांगत होती.
मग दिवा हिरवा झाला.
अकरा जानेवारी एका बाजूनं आत गेली,
दुसऱ्या बाजूनं गरम बाहेर आली.
कोपऱ्यात हवेचा एक बुडबुडा राहिला.
नखानं रेटून बघितला, हलला नाही.

तिनं वीस रुपये ठेवले. मी घेतले.
घेतले नसते, तर तिला कळलं असतं.

रात्री आठच्या आत रद्द केलं.
पैसे आठवड्यानं परत आले, साडेबाराशे कापून.
ते साडेबाराशे वहीत मांडले:
म्याकल अंबादास. येणे बाकी.
शेजारी तारखेचा रकाना असतो,
तो कोराच ठेवला.
माझ्या वहीला चालतं.