काळ्यांचं उजाडलं

जुना ट्रॅक्टर नेहमी उतारावर उभा असायचा.
बॅटरीचा भरवसा नाही म्हणून
मामंजींनी गोठ्यामागं मुरूम टाकून
खास त्याच्यासाठी उतार करून घेतला होता,
आणि मागच्या चाकाला धोंडा.
सकाळी धोंडा काढायचं काम माझं.
बावीस वर्षं.
मी धोंडा काढून बाजूला झाले की
तो खडखडत खाली जायचा, गचका खायचा,
काळा धूर ओकायचा
आणि अख्ख्या सोनोरीला कळायचं,
काळ्यांचं उजाडलं.

रात्री सायलेन्सरवर तुपाचा डबा उपडा घालायचा.
एकदा काढायचा राहिला,
तर डबा उडून थेट शेवंताबाईंच्या पत्र्यावर.
त्या अजून सांगतात, वीज पडली होती म्हणून.

मीही एकदा चढले होते वर.
घरात कुणी नव्हतं, नवीन होते तेव्हा.
क्लचवर उभी राहिले, म्हणजे खरंच उभी,
दोन्ही पाय एकाच क्लचवर, हात स्टिअरिंगला लोंबकळून,
तरी तो अर्धाच दबला.
उतरले. पदरानं सीट पुसली.
आज पहिल्यांदा सांगतेय.

ज्वारीच्या मोकळ्या रानासाठी घेतलेला तो.
पुढं रान वाटलं गेलं, वाट्याला आलं त्यात अंजीर लावले
आणि तो दोन ओळींत शिरेना.
शिरला तर वळेना.
वळला तर चार फांद्या घेऊन यायचा मडगार्डवर,
मोडल्या जागी पांढरा चीक ठिबकत राहायचा
आणि मामंजी त्यावर ओली माती थापायचे,
ट्रॅक्टरला एक शब्द न बोलता.

हडपसरच्या शोरूममध्ये टाय लावलेला पोरगा
माझ्या डोक्यावरून बघत यांना म्हणाला,
"चालवणार कोण, दादा?"
हे जेजुरीच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेले.
जांभई देता देता म्हणाले, "ती."
एवढंच.
पोरानं मग सीट पुढं सरकवली. सरकते ती.
मी बसले, पाय खाली नेला,
आणि क्लच गेला की हो तळाला,
चुलीपुढचा पाट सरकवावा तसा.

जुन्याचे ब्याऐंशी हजार आले.
न्यायला टेम्पो आला त्या दिवशी हनीफ मिस्त्री सासवडहून आला,
कुणी बोलावलं नव्हतं.
बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला थोडा वेळ,
मग म्हणाला, "याचा पंप मी सात वेळा खोललाय,"
आणि टूलबॉक्स रिकामा करून दिला माझ्या ओट्यात:
बारा-तेराचा पाना, खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी,
एक सुकून टणक झालेलं अंजीर,
आणि माझी हेअरपिन,
कशाला वापरली होती देव जाणे.
मामंजी बाहेर आले नाहीत.
आतूनच ओरडले, "धोंडा तेवढा ठेवा!"

नवा नारिंगी आहे. बैलाएवढाच.
पहिल्या दिवशी शेजारची पोरं म्हणाली,
काकी, याला चावी देता की सेल?
मी काही बोलले नाही. ओळीत शिरले,
शेवटाला बांधाला न खेटता वळले
आणि परत आले.
एक पान पडलं नाही.
पडलं असेल, पण पिकलेलं.

मामंजींचे कान जुन्यानंच नेले.
नव्याचा आवाज त्यांना येतच नाही.
रोज सकाळी बॉनेटवर तळवा टेकवून विचारतात,
"चालू आहे का?"
मी मान डोलावते.
तळव्याला थरथर लागली की चहाला जातात.

आणि संध्याकाळी, अंथरुणावरून, न चुकता,
"धोंडा लावलास का गं?"
ट्रॅक्टर सपाट फरशीवर, ब्रेक ओढलेला, चावी माझ्या कमरेला.
"लावला," म्हणते मी.
मग चप्पल घालून बाहेर जाते
आणि लावते.