कधीपासून

गिरेसूनच्या चढावर, सरकारी शाळेसमोर
माझं झेरॉक्सचं दुकान. अठरा वर्षं
मी जुन्या प्रश्नपत्रिका छापते,
आणि कागद मोजता मोजता लोक विचारतात,
नेबाहतताई, विद्यापीठाच्या परीक्षेची तयारी
कधीपासून सुरू करावी?

जशी काही तारीख माझ्याच गल्ल्यात आहे.

आधी बारावीची पोरं यायची, हिवाळा सरल्यावर,
कानामागे पेन्सिल, खिशात सूर्यफुलाच्या बिया.
मग अकरावीची. मग नववीची, बापासोबत.
बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे;
हल्ली तिथंच बूट चढवतात.

मंगळवारी मेल्तेमबाई आल्या.
सहा वर्षांचे संच हवेत,
गणित वेगळं, भूमिती वेगळी, स्पायरल बाइंडिंग.
ज्याच्यासाठी हे सगळं, तो नाडी सुटलेल्या बुटात उभा,
पुढचा दात पडलेला. नाव उतकू.

"तहान लागल्यावर विहीर खणायची का, तुम्हीच सांगा."
नाहीच खणू. पण बाई,
याला अजून तहान म्हणजे काय ते ठाऊक नाही
आणि तुम्ही त्याच्या मापाची कुदळ शोधत फिरताय.
असं मी म्हणाले नाही. मी म्हणाले,
एका बाजूला छापू की दोन्ही?

मला एकच उत्तर माहीत आहे
आणि ते सांगण्यासारखं नाही.

माझा भाऊ. त्याच्या आधीची दोन
पाळण्यातूनच गेली, म्हणून आईनं
याचं नाव ठेवलं दुरसून.
आमच्या भाषेत त्याचा अर्थ, थांबू दे.
तो थांबला. शेवटच्या बाकावर थांबला,
हेझलनटच्या झाडाखाली, हात डोक्यामागे घेऊन थांबला,
इतिहासाच्या तिसऱ्या पानावर तर आख्खं वर्ष.

मग त्या एप्रिलात एका रात्रीत
दहिवर गोठलं आणि सकाळी
डोंगरभरची कोवळी पालवी काळी.
ऑगस्टमध्ये वेचायला काही नसणार
हे एप्रिलमध्येच कळलं.
वडील दोन दिवस बोलले नाहीत.
दुरसूनला करायला काम उरलं नाही.

तो इथं, मशीनमागे, खोक्यावर बसायचा
आणि बिघडलेल्या प्रती वाचायचा,
तिरप्या आलेल्या, शाई फासलेल्या,
अर्धा प्रश्न कडेला कापला गेलेल्या.
उरलेला अर्धा स्वतःच जुळवायचा,
मग सोडवायचा. कधी कधी
त्याचा प्रश्न मूळ प्रश्नाहून अवघड निघायचा.
दहा आठवडे.
जूनमध्ये गेला, लेबल सोललेली पाण्याची बाटली घेऊन.

आता हे कुणाला कसं सांगू?
बाग जळेल त्या दिवसापासून सुरू करा?

सप्टेंबरात तो कार्सला निघाला,
गुराढोरांचा डॉक्टर व्हायला.
बस हलली तशी आई मागे धावली,
एक चप्पल पायात, एक हातात,
हाका मारत, दुरसून! दुरसून!
ड्रायव्हरला वाटलं, बाई म्हणतेय बस थांबू दे.
त्यानं करकचून ब्रेक लावला.
सगळी माणसं पुढच्या सीटवर आपटली, दार उघडलं,
आणि आईला काय बोलावं सुचेना.
शेवटी म्हणाली, अंडी आजच खा, उद्या वास येईल.

मशीन तापलं होतं. एकशे बारा पानं.
मेल्तेमबाई पर्समध्ये सुटे पैसे शोधत होत्या.
उतकूनं रुमालाची गाठ सोडली,
दात काचेवर मधोमध ठेवला
आणि झाकण न लावताच हिरवं बटण दाबलं.
काळंकुट्ट पान बाहेर आलं,
मधे तांदळाएवढं पांढरं.

"हे कुठल्या विषयाचं?" बाईंनी विचारलं.

मी ते पान त्याच्या हातात दिलं, अजून गरम होतं,
आणि पैसे एकशे बाराचेच घेतले.