हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात मी जेल रोडला जायचे,
शाईचा पॅड आणि पिवळा फॉर्म घेऊन,
अर्मेलिंदा रिबेलो जिवंत आहे की नाही
ते बघायला.

बघावं लागायचंच नाही. फाटकाशीच
कात्रीचा आवाज यायचा.
मागच्या चिंचोळ्या तुकड्यात द्राक्षाचा एकच वेल,
जुन्या रुळांच्या खांबांवर चढवलेला,
आणि ती स्टुलावर. नव्वद, पंच्याण्णव, एकशे तीन.
"दिकलेबाई, थांबा, दोन काड्या राहिल्यात."
ढ तिला शेवटपर्यंत जमला नाही.
बाकी मराठी आलं, भांडणाचं तर फारच छान.

जन्म एकोणीसशे नऊ, दोरू नदीकाठचं गाव,
नाव आमच्या चौकटीत मावत नसे.
बाप दमणला हिशेबनीस.
नवरा नाशिक रोडच्या प्रेसमध्ये कोरायचा,
नोटेवरच्या केसाएवढ्या रेघा, भिंगाखाली.
आधी डोळे गेले, मग तो. अठ्ठावन्न साली.
एकसष्टात पोलीस विचारायला आले,
बाई, तुमचा देश कोणता?
ती म्हणाली, दूध उतू जातंय, नंतर या.
ते आलेच नाहीत.

शंभरीला पेपरवाले आले. रहस्य काय?
लसूण, म्हणाली.
पुढच्या वर्षी : नवऱ्याचं न ऐकणं.
एकशे सहाला : मला काय विचारता,
मी याआधी कधी एवढी जगले नव्हते.
मला मात्र एकदा चहा ओतताना म्हणाली,
आमच्याकडे थंडीत वेल झोपतो हो,
चार महिने काळा ठिक्कर, मेल्यासारखा.
इथे एप्रिलला छाटणी, ऑक्टोबरला छाटणी,
कुणी झोपूच देत नाही त्याला.
मग मीही म्हटलं, बरं.

मग मशीन आलं.
तिने अंगठा ठेवला. जुळत नाही.
पुसून ठेवला. जुळत नाही.
नवऱ्याने जन्मभर रेघा कोरल्या,
हिच्या बोटावर एक उरली नव्हती.
डोळे लावून पाहिले, तर त्यांच्यावर साय.
आणि जन्मसालांची यादी सुरूच होत होती
एकोणीसशे दहापासून.
मी कागदाच्या कडेला पेनाने लिहिलं :
समक्ष पाहिले. माझ्यावर ओरडत होत्या.

एकशे दहानंतर तिची आईची भाषा गेली.
प्रार्थना अर्ध्यात अडायची.
तरुण फादर म्हणाला, चालेल, देवाला कळतं.
तिला चालत नव्हतं.
एका सकाळी गल्लीत हातगाडीवाला ओरडला,
कोबीऽ, बटाटाऽ, पेरूऽ,
आणि ती ताठ बसली.
हे माझ्या आईचं आहे.
मग बोटं मोजत राहिली. चावी. बादली. साबण.
घमेलं? घमेलंपण.
मी म्हटलं, आणि पगार.
तिने हा शब्द दोनदा उच्चारला,
दुसऱ्यांदा असा, की मला तो ओळखता येईना.

मी रिटायर झाले.
त्या नोव्हेंबरात माझ्याच दाखल्याच्या रांगेत उभी राहिले,
माझा अंगठा लागला, पहिल्या झटक्यात,
थोडी लाज वाटली.
पाय आपोआप जेल रोडला वळले.
ती पलंगावर. वेल भाडेकरूच्या पोराने छाटलेला,
चुकीचा, खूप वर.
मी काही बोलायच्या आत तिने माझं मनगट धरलं,
आणि तो गुळगुळीत अंगठा दाबला,
छाटणीआधी काडी दाबून बघतात तसा,
आत हिरवं आहे का.
"तीन डोळे आहेत अजून," म्हणाली.
"फुटतील."

आणि तुमच्यात, मी विचारलं.

"दिकलेबाई, दूध बघा, उतू जातंय."

मी उठून आत गेले.
गॅसवर काही नव्हतं.
तरी जरा वेळ उभी राहिले तिथे,
हातात चिमटा धरून.