नववा

ज्वारी हुरड्यात आली की उरकुडा खोब्रागडे
बावणे पाटलाच्या शेतात माळ्यावर राहायला जायचा.
गोफण, उन्हात वाळवलेले मातीचे गोळे, कंदील
आणि मी, कारण मला शाळा नको असायची.

राघू यायचे ते वर्धा नदीकडून.
डोळ्यांवर हात धरून तो कधी पाहत नसे,
आधी कान द्यायचा.
"नऊ," म्हणायचा. मग दिसायचे.
नऊच असायचे.

कुठं शिकला विचारलं तर म्हणे, तोबरूकले.
मला घोड्याच्या तोंडाचा तोबरा माहीत,
म्हणून कितीतरी वर्षं ते गाव मला घोड्यांचं वाटायचं.
घोडे नव्हते. बंदर होतं,
बुडालेल्या जहाजांच्या डोलकाठ्या पाण्यावर
उलंगवाडीनंतरच्या पऱ्हाट्यांसारख्या उभ्या.
पायोनिअर कंपनी, पाठीवर बिस्किटांच्या पेट्या,
आणि डोक्यावर जर्मनाची इमानं.

विमानाला तो इमानच म्हणायचा.

"रोज तेच येत. नाकाडावर पिवळा बगळा काढलेला.
एकदा चाहाच्या टाइमाले, एकदा दिवस कलला का.
सरळ रांग. मंग एकेक जन तोंड खाली करे
आन् भोंगा वाजवत उतरे,
घारीनं पिल्लू पाह्यलं का उतरते तसा."

त्यानं त्या सगळ्यांना नावं ठेवली होती, खरोखरची.
पुढचा तो पाटील. त्याच्या डाव्या अंगाला कोतवाल.
एक जण वळताना उगाच पंख हलवायचा, तो नवरदेव.
सगळ्यात मागचा, नववा,
आपले बॉम्ब बंदरावर टाकत नसे.
थोडे पलीकडे, पाण्यात.
मेलेले मासे तरंगत यायचे,
रात्री कंपनी मासे खायची.
त्याला मात्र नाव सुचलं नाही.

"नेम नसन त्याचा," मी म्हणालो.
"एकवीस दिवस?
नेम नसलेला मानूस लेका, चुकून तरी मारते."

बाविसाव्या दिवशी नऊ आली.
परत गेली ती आठ. किंवा नऊ.
"तोंडात रेती, डोकं खंदकात. आवाजच मोजले मी.
मोजनी चुकली असन.
पन दुसऱ्या दिवशी आठच आले,
आन् आठही बंदरावर टाकून गेले.
भांदकचा झोलबा गेला त्या दिवशी. माह्या बाजूले.
ताटलीसकट."

इतक्यात राघू आले.
त्यानं गोफण गरगरवली, सोडली.
पुढचे फुटले, मधले ओरडत नदीकडे वळले.
मागं राहिलेला एक कणसावर येऊन बसला.
उरकुडानं गोफण मांडीवर ठेवली
आणि बिडी शोधायला लागला.

खळं झाल्यावर पाटलानं धुऱ्याकडची रिकामी कणसं
त्याच्यासमोर धरली,
मजुरीतल्या दोन पायल्या कापल्या.
झोपा काढते काय बे वर?
उरकुडा काही बोलला नाही.
वहीत सही केली,
लष्करात शिकवलेली, इंग्रजी, सुट्या अक्षरांची.

येताना नदीवर ढिवरांनी जाळं ओढलं होतं.
उरलेल्या ज्वारीतली अर्धी पायली देऊन
त्यानं मासे घेतले.
बायको चुलीपाशी बडबडत होती, दाणे गेले, दाणे गेले.
त्यानं सगळ्यात मोठा माझ्या पानात टाकला.
"काटे पाहून खाय," म्हणाला.